गाडी कुठे तापते, ते आधी बघा



इथे आपण बहुतेक वेळा स्वयंपाकघरातलं नाहीतर मंदिरातलं बोलतो. आज मात्र तुम्हाला थेट पार्किंगमध्ये घेऊन जाणार आहे. कारण सांगते. आपल्यापैकी कितीतरी जणी आता रोज गाडी चालवतात. सकाळी सासूबाईंना अभिषेकाला सोडायचं, दुपारी मुलांना क्लासला, आठवड्यातून एकदा घरातल्या कुणाला तरी डॉक्टरकडे. गाडी चालवतो आपण, पण बॉनेट उघडलं की दोन पावलं मागे सरकून उभ्या राहतो आणि गॅरेजवाला सांगेल त्याला मान डोलावतो. उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर चढायला लागला की तर पोटात गोळाच येतो. यंदा महावीर जयंतीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचे वीस दिवस आमच्या घरात याच काट्याची चर्चा होती. त्यातून जे कळलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे.

आमची गाडी दहा वर्षांची, पेट्रोलवरची, लहान. आम्ही पुण्यात सातारा रस्त्याच्या बाजूला राहतो आणि मंदिर आहे पेठेत. मधे स्वारगेट. पुण्यातल्या मैत्रिणींना पुढचं सांगायला नकोच. सकाळी साडेसहाला पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता संध्याकाळी पाऊण तास खातो. सासूबाई एक्क्याऐंशीच्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, रिक्षाची पायरी त्यांना चढवत नाही. सकाळचं दर्शन आणि दुपारचा स्वाध्याय, या दोन गोष्टींवर त्यांचा दिवस उभा आहे, आणि त्या दोन्ही गोष्टी या गाडीवर.

पहिल्यांदा काटा चढला तो महावीर जयंतीच्या दुपारी, मिरवणुकीनंतरच्या गर्दीत. बाजूला थांबलो, अर्ध्या तासाने घरी आलो. चार दिवसांनी स्वाध्यायाहून परतताना पुन्हा तेच. त्या दिवशी बॉनेटखालून वाफ आली. स्वारगेटच्या अलीकडे पावणेसहाला थांबलो ते घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. सासूबाईंचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्यापैकी बऱ्याच घरांत तो आहे. दिवस मावळला की त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. त्यांना मधुमेह आहे, संध्याकाळची गोळी जेवणाबरोबरची. त्या रात्री जेवण नाही म्हणून गोळी नाही. मी रात्री दोनदा उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. असं त्या वीस दिवसांत दोनदा झालं. दुसऱ्या वेळेनंतर त्या म्हणाल्या, "राहू दे गं, मी घरीच णमोकार म्हणत बसेन. तुला किती त्रास द्यायचा?" गाडीच्या खर्चापेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

तीन फेऱ्या आणि चाळीस हजारांचा अंदाज

आम्ही गप्प बसलो नव्हतो. पहिल्या वेळेनंतर लगेच गाडी गॅरेजला दिली. त्यांनी कूलंट बदललं. दुसऱ्या वेळेनंतर थर्मोस्टॅट बदलला. दोन्ही वेळा मी विचारलं, पंखा चालतो का? दोन्ही वेळा त्यांनी बॉनेट उघडून, गाडी सुरू करून, एसी लावून दाखवला. पंखा गरगर फिरत होता. "बघा मॅडम, पंखा ओके आहे." तिसऱ्या वेळी त्यांनी हात झटकले. म्हणाले, हेड गॅसकेट गेलं असणार, इंजिन उघडावं लागेल, पस्तीस-चाळीस हजार धरून चाला. दहा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा की ती विकून टाकायची, यावर घरात दोन दिवस बैठक चालली. आमचे हे म्हणाले, "विकूया." भावजींनी तर गिऱ्हाईकही शोधलं.

माझं मन मात्र एका गोष्टीशी अडत होतं. याच वीस दिवसांत आम्ही एका लग्नासाठी सांगलीला जाऊन आलो होतो. चार माणसं, डिकीत सामान, वैशाखासारखं ऊन, एसी सुरू. जाताना खंबाटकीचा घाट चढलो. सुटीच्या दिवशी त्या घाटात वाहतूक अडकली की गाड्या तापून कडेला उभ्या असतात, ते आपण नेहमी बघतो. आम्हाला त्या दिवशी घाट मोकळा मिळाला आणि आमचा काटा मधल्या रेषेवरून जराही हलला नाही. जी गाडी सांगलीपर्यंत चारशे-पाचशे किलोमीटर जाऊन-येऊन तापत नाही, ती सहा किलोमीटरवरच्या मंदिरातून येताना का तापावी? इंजिनच बिघडलं असेल तर ते घाटात आधी कुरकुरायला नको का?

कुकर, परात आणि पंखा

इथे थोडं आतलं सांगते. घाबरू नका, सगळं आपल्याच ओळखीचं आहे.

पेट्रोल जळून जी शक्ती निघते तिच्यातला ढोबळमानाने एक तृतीयांशच भाग चाकांना मिळतो. बाकीची उष्णता. त्यातली बरीच धुराबरोबर मागच्या नळीतून जाते आणि उरलेली बाहेर काढायचं काम कूलंट करतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण. एक छोटा पंप ते इंजिनभोवती फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट नावाची झडप वाट बंद ठेवते. साधारण ८२ ते ८८ अंशांना ती उघडायला लागते आणि तापलेलं कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जातं. रेडिएटर म्हणजे बारीक नळ्या आणि त्यांच्यामध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या घड्या. त्यांच्यामधून हवा गेली की कूलंट गार होतं आणि परत फिरतं.

पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मग इंजिनमधलं का उकळत नाही? कारण कुकर. रेडिएटरचं झाकण आपल्या कुकरच्या शिटीसारखं दाब धरून ठेवतं. पुष्कळ झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो त्या दाबाचा. घरच्या कुकरमध्येही साधारण तेवढाच दाब असतो, आणि म्हणूनच आतलं पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचं रबर गेलं की दाब राहत नाही आणि कूलंट लवकर उकळतं, अगदी कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही तसं.

आता हवा. गरम खिचडी परातीत पसरली तरी पंखा लावल्याशिवाय ती लवकर निवत नाही. महामार्गावर साठ-सत्तरच्या वेगाने गाडी जाते तेव्हा समोरून येणारा वाराच रेडिएटर निववतो. तिथे पंख्याची फारशी गरजच पडत नाही. पण स्वारगेटच्या सिग्नलला गाडी उभी आहे, इंजिन सुरू आहे, एसी सुरू आहे, खालून डांबर तापलंय, मागेपुढे बसगाड्यांचा धूर. तिथे वारा नाही. तिथे फक्त पंखा आहे. कूलंट ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की तो आपोआप सुरू व्हायला हवा आणि थोडं निवलं की बंद. एसी लावला की बहुतेक गाड्यांत तो एसीबरोबरच फिरायला लागतो.

म्हणून गाडी तापते एवढं कळून भागत नाही, ती कुठे आणि केव्हा तापते ते बघायचं. मी हे असं लक्षात ठेवलंय:

फक्त गर्दीत, सिग्नलला तापते आणि मोकळ्या रस्त्यावर पळायला लागली की निवते: आधी पंखा बघा. त्यानंतर रेडिएटरच्या घड्यांत अडकलेली धूळ, पाचोळा आणि चिखल, आणि कूलंट कमी झालंय का ते.

महामार्गावर, चढावर, वेगात तापते: रेडिएटर आतून क्षाराने बुजलाय का, थर्मोस्टॅट अर्धवट अडकलाय का, पाण्याचा पंप कमजोर झालाय का.

सुरू केल्यावर दहा-पंधरा मिनिटांत, रस्ता कुठलाही असो, तापते: थर्मोस्टॅट बंदच राहतोय, किंवा कूलंट गळून संपलंय.

कूलंट कमी होत राहतं पण खाली थेंबही दिसत नाही, मागून पांढरा धूर येत राहतो, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते: मग हेड गॅसकेटची शंका घ्या. तीही तपासणी करून घ्या, अंदाजाने नको.

नेमकं कारण गॅरेजमध्येच कळतं, हे खरं. पण कुठल्या दिशेने शोधायचं, ते चालवणारी व्यक्ती सांगू शकते. गॅरेजवाल्याला गाडी भेटते ती गार झालेली आणि उभी. सिग्नलला तिच्यात आपण बसलेले असतो.

हिशेबाच्या वहीतली सहा पानं

मी दूध-पेपरच्या हिशेबाची वही घेतली आणि सहा दिवस रोजच्या फेऱ्या लिहिल्या. वेळ, रस्ता, एसी, काटा. सकाळच्या फेऱ्यांत सगळीकडे "काटा मधे". दुपारी साडेतीनला जाताना "स्वारगेटला थोडा वर, पुढे पुन्हा मधे". संध्याकाळी परतताना "वर". एसी बंद करून, काचा उघडून, सावकाश घरी. कूलंटच्या टाकीवर कमी-जास्तच्या दोन रेषा असतात. रोज सकाळी गार इंजिनवर ती पातळी बघितली. सहा दिवसांत ती हलली नाही. ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, साय नाही. धूरही नेहमीचा.

आणि मग सासूबाई बोलल्या. त्या मागच्या सीटवर बसतात आणि त्यांना उकाडा सोसत नाही, त्यामुळे एसीवर त्यांचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष. मी वहीत लिहीत होते तेव्हा म्हणाल्या, "हे पण लिही. सिग्नलला थांबलं की गार हवा बंद होते आणि गरम वाफ येते. चाललो की परत गार. काल मात्र येताना शेवटपर्यंत गार होती."

मी मागचं पान उलटलं. काल, म्हणजे बुधवारी, संध्याकाळची गर्दी तीच, आणि काट्यापुढे लिहिलं होतं "मधे". ज्या एका संध्याकाळी एसी गार राहिला, त्याच संध्याकाळी काटाही चढला नव्हता.

एसीचा स्वतःचाही एक रेडिएटर असतो, त्याला कंडेन्सर म्हणतात. तो इंजिनाच्या रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि लहान गाड्यांत दोघांना निववणारा पंखा एकच. पंखा थांबला की एसी आधी रुसतो आणि काटा नंतर चढतो. म्हणजे आमचा पंखा कधी चालत होता आणि कधी चालत नव्हता. गॅरेजमध्ये गार गाडीवर तो चालायचा, म्हणून त्यांच्या लेखी तो चांगला.

दुसऱ्या दिवशी परतल्यावर गाडी बंद केली नाही. पार्किंगमध्ये उभी करून, एसी सुरू ठेवून, बॉनेट उघडलं. पदर खोचून, हात लांब ठेवून. (ही सूचना गंमत म्हणून वाचू नका. हा पंखा विजेवर चालतो आणि गरम गाडीत तो इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. ओढणी, पदर, बांगड्या, मोकळी वेणी, काहीही जवळ नको.) पंखा उभा होता. एसी सुरू, इंजिन गरम, आणि पाती निश्चल. मोबाइलवर व्हिडिओ घेतला, इंजिन बंद केलं.

तो व्हिडिओ घेऊन या वेळी इंजिनाच्या गॅरेजला गेलो नाही. गाडीच्या विजेचं काम करणारे एक वयस्कर गृहस्थ मार्केट यार्डाच्या बाजूला बसतात, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी व्हिडिओ पाहिला, वही पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, गाडी गरमच आणा. गार आणू नका." शनिवारी दुपारी मुद्दाम गर्दीतून फिरवून गाडी नेली. आधी त्यांनी फ्यूज पाहिला, मग रिले बदलून पाहिला. दोन्ही चांगले. पंख्याच्या मोटरला जाणाऱ्या प्लगवर टेस्ट लॅम्प धरला, तो पेटला. म्हणजे वीज तिथपर्यंत येत होती आणि मोटर फिरत नव्हती. मग त्यांनी पान्याच्या दांड्याने मोटरच्या पाठीवर हलकेच दोन टिचक्या मारल्या. पंखा फिरायला लागला!

मोटर काढून उघडली. आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ते छोटे काळे तुकडे, झिजून नखाएवढे राहिले होते. मोटर गार असली की ते कसेबसे टेकत. तापली की टेकत नसत. नवी मोटर आणि मजुरी मिळून ₹३,८०० झाले. इंजिन कुणी उघडलं नाही. गिऱ्हाईकाला भावजींनी नाही कळवलं.

रस्त्यात काटा चढला तर

हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, पाठच करा म्हणा ना.

काटा वर सरकायला लागला की एसी बंद करा, काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मोठा करून लावा. उकाड्यात हीटर म्हटल्यावर हसू येईल, पण हीटर म्हणजे गाडीच्या आतला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. पाच मिनिटं घाम येईल, पण सुरक्षित जागेपर्यंत पोहोचता येईल. वयस्कर माणूस मागे असेल तर आधी त्यांना सावलीत उतरवा.

काटा लाल पट्टीला लागला किंवा वाफ दिसली तर पुढचा सिग्नलही बघू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा. "घर जवळच आहे" म्हणून चालवलेले ते दोन किलोमीटरच हेड गॅसकेट जाळतात आणि मग चाळीस हजार खरेच लागतात. नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून गार, लाल म्हणजे थांबा.

झाकण उघडू नका. शिटी न पडलेला कुकर आपण जबरदस्तीने उघडत नाही, तसंच हे. आतलं पाणी उकळत्यापेक्षाही गरम असतं, झाकण सैल होताच ते तोंडावर उडतं. आजूबाजूला जमलेले मदतीला आलेले भाऊ उघडायला निघाले तरी त्यांना थांबवा. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. वरचा जाड रबरी पाइप हाताला गार आणि मऊ लागला की मगच जाड फडकं धरून, सावकाश.

तापलेल्या इंजिनात किंवा इंजिनावर गार पाणी ओतू नका. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखं होतं, फक्त तवा टिकतो आणि इंजिनाचा ॲल्युमिनियमचा भाग वाकू किंवा तडकू शकतो.

गाडीखाली पाणी दिसलं तर घाबरण्याआधी बोट लावून बघा. बिनरंगाचं, बिनवासाचं, गार पाणी एसीचं असतं, ते पडायलाच हवं. हिरवं, गुलाबी किंवा निळसर आणि बोटांना बुळबुळीत लागलं तर ते कूलंट. मग गळती शोधायला हवी.

पाणी कुठलं, आणि टाकायचं कुठे

"रेडिएटरमध्ये नळाचं पाणी टाका, काय होतंय" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. अडचणीत घरापर्यंत येण्यापुरतं चालेल. रोजचं नको. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याने आपल्या गीझरची काय अवस्था होते ती आपण बघतो. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती साध्या पाण्यात नसतात. पातळ न केलेलं कूलंट आणलं असेल तर त्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालावं. डब्यावर "तयार मिश्रण" असेल तर तसंच ओतावं. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नयेत, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच वापरावं. आणखी एक सल्ला हमखास मिळतो: "थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी कधी तापणार नाही." मग इंजिन कायम गरजेपेक्षा गार चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतंही लवकर. पंख्याचं दुखणं त्याने बरं होत नाही.

आता एक गोष्ट, जी मला गॅरेजमध्ये कुणी सांगितली नाही आणि जी आपल्या घरांनी तरी नक्की पाळावी. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि ते विष आहे. पार्किंगमध्ये सांडलेलं कूलंट मांजरं, कुत्री चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. एखाद-दोन चमचेही मांजराच्या जिवावर बेतू शकतात. लहान मुलांनाही तेवढाच धोका. आपण पाणी गाळून पितो, धान्य निवडताना किडा बाजूला ठेवतो. मुनिमहाराजांच्या पाच समितींमधली शेवटची तर टाकून द्यायच्या गोष्टी कुठे आणि कशा टाकाव्यात, याचीच आहे. तो यत्नाचार पार्किंगपर्यंतही यायला हवा. गळती दिसली की त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, तो पिशवीत बांधून वेगळा ठेवा आणि मग ती जागा धुवा. जुनं कूलंट बदलताना ते कॅनमध्ये काढायला सांगा, गटारात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू देऊ नका. कूलंटचा डबा झाकण घट्ट लावून उंचावर ठेवा. आमच्या सोसायटीत तीन मांजरं आहेत. त्यांच्यासाठी मी आता सकाळी गाडीखालीही एक नजर टाकते.

उन्हाळ्याआधी करायची कामंही सांगून ठेवते. गार इंजिनवर कूलंटची पातळी बघा. रेडिएटरच्या पुढची जाळी कमी दाबाच्या पाण्याने धुवून घ्या. जोराचा फवारा नको, त्या घड्या बोटानेही वाकतात. रबरी पाइप फुगलेत का, चिरलेत का ते दाखवून घ्या. आणि महिन्यातून एकदा फेरी मारून आल्यावर, गरम गाडीत एसी लावून, पंखा फिरतो का ते लांबून बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

अक्षय्य तृतीयेच्या दुपारी आम्ही मंदिरात गेलो. परतताना स्वारगेटला दोन सिग्नल लागोपाठ चुकले, मागे-पुढे गाड्याच गाड्या. सासूबाईंनी मागून हात पुढे करून एसीच्या झरोक्याशी धरला आणि म्हणाल्या, "गार आहे." आम्ही सहाला घरी होतो. त्यांचं जेवण, गोळी, पाणी, सगळं उजेडात झालं. "घरीच बसते" हे त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत.

तुमच्यापैकी कुणाची गाडी गर्दीत तापत असेल तर इंजिन उघडायला होकार देण्याआधी आठवडाभर वही ठेवून बघा, आणि मागच्या सीटवर बसणाऱ्यांनाही विचारा. काय निघालं ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र!